परका फुगा

१

माणूस गेल्यानंतर त्याच्या पोटात फुगा सापडला, आणि तोही लवंगीने तपासलेल्या स्कॅनमध्ये.

फुगा म्हणजे पोटातून जाणाऱ्या मुख्य धमनीला आलेला फुगवटा. सायकलची जुनी ट्यूब जशी एका जागी पातळ होऊन फुगते, तशी रक्तवाहिनीही फुगते. फुटली की खेळ खलास. आणि गेलेले मास्तर म्हणजे कोणी खंगलेले म्हातारे नव्हते. साऱ्या वस्तीला पोहायला शिकवलेला, साठी उलटली तरी छाती पुढे काढून चालणारा गडी. पित्ताशयात खडे झाले म्हणून साधं दुर्बिणीचं ऑपरेशन करायला आले, आणि पोटात रक्तस्राव होऊन टेबलावरून उठलेच नाहीत.

"बघ, तूच बघ," मोठे सर म्हणाले आणि पडदा तिच्याकडे वळवला.

मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. लवंगीला स्कॅन वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. लवंगी हे नावही त्यांचंच. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट म्हणून. आज मात्र त्यांच्या आवाजात ती जुनी थट्टा नव्हती.

पडद्यावर मास्तरांचं पोट होतं. मणक्यापुढे धमनीला चांगला लिंबाएवढा फुगा. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसला असता. आणि शेजारी लवंगीच्या सहीचा अहवाल: मुख्य धमनी निर्दोष.

खिडकीपाशी सर्जन उभे होते. उंच, मऊ बोलणारे, इस्पितळाची शान. ते पुढे आले. "बाई, मनाला लावून घेऊ नका. आपण सगळी माणसंच आहोत. फुगा आहे हे मला माहीत असतं तर मी हातच लावला नसता. पण झालं ते झालं. मी तक्रार करणार नाही. दोन ओळींची माफी लिहा, घरच्यांना द्या, विषय संपला."

मोठ्या सरांनी कागद पुढे सरकवला. मजकूर टाइप करून तयारच होता. फक्त सही हवी होती, सोमवारच्या चौकशी बैठकीआधी.

लवंगीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पडद्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलंच नाही.

"मी हा स्कॅन वाचला तेव्हा हा फुगा इथे नव्हता."

मोठ्या सरांनी सुस्कारा टाकला. "ज्याच्या नजरेतून सुटतं तो प्रत्येक जण हेच म्हणतो गं."

"म्हणत असेल. मीही म्हणतेय."

"अगं, फुगा काय आठ-पंधरा दिवसांत येतो?"

"नाही ना येत?" ती उठली. "मग कुणीतरी आणून ठेवला असणार."

२

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. आयुष्यभर कोर्टात टायपिस्ट म्हणून काम केलेल्या. समोरच्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकायची सवय त्यांना होती. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू चुकलीस का?"

"नाही."

"नक्की?"

"आई, चुकले असते तर मी स्वतः जाऊन त्या माणसाच्या घरच्यांचे पाय धरले असते."

"मग माफी मागून आलीस तर या घराचं दार बंद समज," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. "आणि सोमवारच्या बैठकीला ती निळी साडी नेस. त्या साडीत तू भांडायला आल्यासारखी दिसतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तरांची लेक तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. खांदे रुंद, केस कापलेले, आवाज तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जाईल असा. तीही वडिलांसारखी पोहणं शिकवायची.

"तुम्हीच ना? माझे बाबा ज्यांच्यामुळे गेले त्या?"

खोलीतल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. लवंगीने खुर्ची ओढून दिली. "बसा. आरडाओरडा करायचा असेल तर बसूनही करता येतो."

लेक बसली नाही. "सर्जन म्हणाले, हा आजार घराण्यात असू शकतो. मी आता सूर मारायचा नाही, दम रोखायचा नाही. बाबा गेले ते गेलेच, वर माझं पाणीही तोडलंत तुम्ही."

"हे त्यांनी सांगितलं?"

"हो. फार चांगले आहेत हो ते. म्हणाले, शवविच्छेदन करून वडिलांची विटंबना कशाला, कारण तर स्पष्ट आहे. आम्ही अंत्यसंस्कार करून मोकळे झालो."

लवंगीने पेन खाली ठेवलं. म्हणजे मास्तरांच्या पोटात काय होतं, याला आता एकच साक्षीदार उरला होता: तो स्कॅन.

"तुम्हाला स्कॅनची सीडी दिली होती ना?"

"ऑपरेशनच्या दिवशी फाइलसोबत आत दिली. फाइल परत आली, सीडी आली नाही."

आणि इस्पितळाची सगळी चित्रं गेल्याच आठवड्यात नव्या यंत्रणेत हलवली होती. कोणी कधी कशाला हात लावला याच्या जुन्या नोंदी त्या हलवाहलवीत गळाल्या, असं संगणक विभागाने खांदे उडवून सांगितलं होतं.

"ऐका," लवंगी म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण इथे बसा आणि मी काय करते ते बघा. खोटी वाटले तर सोमवारी सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर सांगा."

लेक तिच्याकडे रोखून बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

३

पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकाच पोटाच्या, तीन बाजूंनी.

"हा आडवा छेद. काकडीच्या चकत्या करतो तसा. हा समोरचा, तुम्ही आरशासमोर उभ्या राहिलात आणि आरशाला आरपार दिसलं तर असा दिसेल. आणि हा बाजूचा. एका चौकटीतली रेघ सरकवली की बाकीच्या दोन्ही तिच्यामागून सरकतात. पोट एकच, फक्त सुरी कुठून चालवायची ते आपण ठरवायचं."

तिने रेघ धमनीवर आणली. समोरच्या छेदात फुग्याचा काठ लोण्यासारखा मऊ होता. एक एक थर मागे गेली. प्रत्येक थरात तसाच मऊ. मग ती चकत्यांकडे वळली आणि चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"इथे बघा. काय दिसतं?"

"करवतीसारखं," लेक म्हणाली. "दाते."

बाजूच्या छेदातही तेच. काठाला बारीक दाते.

लवंगीचे हात थांबले. खरी धमनी तिन्ही बाजूंनी सारखीच गुळगुळीत असते. ही वस्तू मात्र एकाच बाजूने गुळगुळीत होती. कोणीतरी समोरच्या छेदात बसून, थरामागून थर, संगणकातल्या ब्रशने हा फुगा चिकटवला होता. प्रत्येक थर नीट घासला होता. पण एका थराचा काठ पुढच्या थराशी जुळवायचा राहिला, आणि ते न जुळणं फक्त बाकीच्या दोन बाजूंनी दिसत होतं.

"दाते म्हणजे पुरावा झाला?" लेकीने विचारलं.

"नाही. म्हणतील, पेशंट हलला, यंत्र थरथरलं. दात्यांवर भागायचं नाही."

तिने उजेड-अंधाराची मात्रा बदलली. फुग्याच्या आत दोन रंग निघाले. अर्धा भाग उजळ, अर्धा मंद, मध्ये सरळ रेघ. स्कॅन करताना शिरेतून जे रंगद्रव्य देतात ते रक्तापेक्षा जड. रक्त साचून राहतं तिथे ते तळाशी बसतं, गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं. त्यात नवल काहीच नव्हतं.

नवल होतं ते त्या रेघेत. ती उभी होती.

लवंगीने त्याच चकतीत जठर दाखवलं. मास्तरांना स्कॅनआधी पाणी पाजलं होतं. पाणी खाली, हवा वर, आणि मधली रेघ आडवी, अगदी ओळंबा लावल्यासारखी. मास्तर पाठीवर झोपले होते ना!

"एकाच पोटात," ती हळूच म्हणाली, "एका जागी पाणी आडवं आणि दुसऱ्या जागी उभं?"

लेकीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "असं पाणी राहतच नाही."

"नाही राहत. हा फुगा ज्याच्या अंगातून उचलला, तो माणूस स्कॅनच्या वेळी कुशीवर झोपला होता." लवंगीने खुर्ची मागे ढकलली. "आणि कुशीवर झोपून स्कॅन काढलेला पेशंट मला आठवतोय."

४

तो पाठीत वाकलेला वृद्ध होता. त्याला उताणं झोपताच येत नव्हतं, म्हणून कुशीवर निजवून स्कॅन काढला होता. त्याच्या धमनीचं ऑपरेशन अवघड, म्हणून आधी तिचा प्लास्टिकचा नमुना बनवून घेतला होता. तो नमुना लवंगीने कुठे पाहिला तेही तिला माहीत होतं.

सर्जनच्या टेबलावर, कागदांवर ठेवलेला.

ती गेली तेव्हा सर्जन चहा पीत होते. "या बाई. सही केलीत?"

"विचार करतेय. म्हटलं, त्याआधी तुमच्याकडून एकदा समजून घ्यावं. फुगा नेमका कुठे फुटला असेल?" तिने हातातल्या टॅबलेटवर मास्तरांच्या पोटाच्या चकत्या उघडल्या.

त्यांनी हात झटकला. "छे छे, या चकत्या मला कळत नाहीत. समोरून दाखवा. पोट उघडल्यावर मला जसं दिसतं तसं." समोरचा छेद येताच त्यांनी बोट ठेवलं. "इथे. आणि संगणकातलं मला विचारू नका हं. मेल उघडायलाही मला मुलगी लागते."

लवंगी हसली. टेबलावरचा नमुना तिने सहज उचलून पाहिला आणि परत ठेवला.

तिथून ती मोठ्या सरांकडे गेली. दाते दाखवले, रेघ दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. पण शब्द आला तो भलताच. "फुगा दिसला तेवढ्यावर मी थांबलो. पुढे बघितलंच नाही... हे बघ, असं काही असलंच, तर ते करणारा एकच. हे ब्रश-बिश दुसऱ्या कुणाला जमतात इथे?"

तो एकच म्हणजे मूर्तिकार. तळघरातल्या खोलीत बसून स्कॅनमधून हाडं, कवट्या, धमन्या कोरून काढायच्या आणि यंत्रातून त्यांचे नमुने छापायचे, हे त्याचं काम. लवंगीशी त्याचं चांगलं जमायचं. तिला ताई म्हणायचा. लवंगी तळघराच्या पायऱ्या उतरली. वाकलेल्या वृद्धाचा फुगा कोरून वेगळा ठेवलेला होता तो याच्याच संगणकात. हत्यार याचं, माल याचा, हातही याचाच असला तर?

तिने आडपडदा न ठेवता चित्र त्याच्यासमोर ठेवलं. "हे तू केलंस?"

मूर्तिकाराने चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याला नाक लावलं. रेघ इकडे सरकवली, तिकडे सरकवली. आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"ताई, चोर म्हणा, मी ऐकून घेईन. पण हे असलं काम माझ्या नावावर घालू नका." त्याने पडद्यावर टिचकी मारली. "हे दाते बघा! मी एका बाजूने कोरतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिन्हीकडून घासल्याशिवाय मी उंदराचा दातही बाहेर देत नाही. हा कोण अडाणी आहे? याने आयुष्यात बाकीच्या दोन चौकटींकडे वळून बघितलेलं नाही!"

रागाचं सोंग आणता येतं, पण हा राग सोंगाचा नव्हता.

"फुगा माझाच आहे," तो पुढे म्हणाला. "वाकलेल्या बाबांचा. मी कोरून ठेवलेला. पण चिकटवणारा मी नाही."

"मग तुझ्याकडून हे कोण शिकलं? कुणाला दाखवलं होतंस?"

मूर्तिकाराने तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं.

"अरे देवा," तो म्हणाला.

५

सोमवारी लवंगी निळी साडी नेसून आली, आणि बरोबर मास्तरांच्या लेकीला घेऊन आली.

"नातेवाइकांना बैठकीत बसता येत नाही," मोठे सर म्हणाले.

"माफी त्यांचीच मागायची आहे ना? मग त्या नकोत?"

लेक बसली. मूर्तिकार भिंतीला टेकून उभा राहिला. सर्जन पहिल्या खुर्चीत होते, चेहऱ्यावर तेच क्षमाशील हसू.

लवंगीने दिवे मंद केले. भिंतीवर तीन चौकटी उघडल्या. आधी जठरातलं आडवं पाणी दाखवलं, मग फुग्यातली उभी रेघ. नंतर शेजारी वाकलेल्या वृद्धाचा जुना स्कॅन उघडला, त्याचा फुगा वेगळा केला, फिरवला आणि मास्तरांच्या फुग्यावर ठेवला. डावीकडचा खड्डा खड्ड्यावर बसला. वरचा बारीक कोंब कोंबावर बसला. किल्ली कुलपात बसावी तसा फुगा फुग्यात बसला.

"दोन सख्ख्या भावांचे अंगठे जुळत नाहीत," ती म्हणाली. "हे दोघे तर एकमेकांना ओळखतही नव्हते. मास्तरांच्या धमनीत काहीही नव्हतं. हा फुगा त्यांच्या मृत्यूनंतर चिकटवला."

मोठ्या सरांची नजर मूर्तिकाराकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

"नाही," लवंगी म्हणाली. "तो नाही, आणि सर, तुम्हीही नाही. तुम्ही जन्मभर चकत्या वाचत आलात. तुम्ही हे केलं असतं तर चकत्यांमध्येच बसून केलं असतं, आणि चकत्यांमध्ये दाते दिसले नसते. मूर्तिकाराने केलं असतं तर दाते कुठेच दिसले नसते. हे करणारा माणूस फक्त समोरून बघतो. त्याच्या लेखी पोटाला बाजू नसते, त्या पोटाच्या माणसाला झोपायची तऱ्हा नसते. रंगद्रव्य तळाशी बसतं हेही त्याच्या ध्यानात येत नाही." ती वळली. "सर्जनसाहेब, चकत्या तुम्हाला कळत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलंत."

सर्जन हसले. "बाई, मला मेल उघडता येत नाही."

"सर," भिंतीकडून मूर्तिकाराचा आवाज आला. "वाकलेल्या बाबांच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी आठवडाभर बसला होतात. ब्रश कसा धरायचा ते विचारलंत. मी म्हटलं, तिन्ही चौकटी बघत चला. तुम्ही म्हणालात, मला समोरची पुरे. सरावाला एक थर स्वतः भरलात आणि मी कोरलेल्या फुग्याची फाइल घेऊन गेलात, हौस म्हणून. किती कौतुक वाटलं होतं मला."

सर्जन खुर्चीत सावरून बसले.

"एक तळघरातला नाराज कर्मचारी," सर्जन म्हणाले, पण आता आवाज मऊ राहिला नव्हता. "आणि एक बाई, जिला स्वतःची नोकरी वाचवायची आहे."

"नोकरी?" लवंगीने पर्समधून तो माफीचा कागद काढला, चार तुकडे केले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "नोकरी वाचवायची असती तर यावर सही केली असती. सगळ्यात सोपं तेच होतं. निर्दोष धमनी आपोआप फुटत नाही. मला फक्त एवढं हवंय की दुर्बिणीची पहिली नळी पोटात खुपसताना काय झालं, ते या मुलीकडे बघून सांगा. समोरूनच बघा. तुम्हाला तेच जमतं."

त्यांनी कागदाचे तुकडे बाजूला सारले. मग त्यांनी मान वर केली, पण लेकीच्या डोळ्यांपर्यंत ती पोचली नाही.

"जोर जास्त लागला," ते म्हणाले. "इतकी वर्षं करतोय. कधी नाही लागला. पोट उघडलं तेव्हा... थांबतच नव्हतं रक्त."

"बाबांना दुखलं?" लेकीने विचारलं. विचारलं मात्र लवंगीला.

"नाही. भूल होती. त्यांना काहीच कळलं नाही."

लेकीने मान हलवली आणि सर्जनकडे वळली. तलावाच्या पलीकडे पोचणारा तो आवाज तिने अगदी खाली ठेवला होता.

"हात चुकला असं तेव्हाच सांगितलं असतंत ना, तर मी रडले असते, भांडले असते, आणि कदाचित एक दिवस माफही केलं असतं. बाबा म्हणायचे, पाण्यात कोणाचाही अंदाज चुकतो. पण तुम्ही माझ्या बाबांच्या पोटात दुसऱ्याचं दुखणं घातलंत. आणि मग तेच माझ्या अंगात आहे म्हणून सांगितलंत." ती उठली. "आता माफी नाही. आता पोलीस."

६

बाहेरच्या व्हरांड्यात मोठ्या सरांनी लवंगीला गाठलं. एका आठवड्यात ते दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

"मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"हो, हवा होता," ती म्हणाली. त्यांना सोपं जावं म्हणून तिने आणखी एक शब्दही जोडला नाही.

"आता पोलिसांना अहवाल तुलाच द्यायचाय. तू देशील ते खरंच असेल, मला ठाऊक आहे. पण इस्पितळाचं नाव आहे, एवढे लोक इथे पोट भरतात. जरा सौम्य शब्दांत लिहिलंस तर? 'चित्रात विसंगती आढळली', असं काहीतरी. खोटंही नाही आणि..."

"आणि खरंही नाही." लवंगी थांबली. हा माणूस तिचा गुरू होता. पहिल्यांदा तिच्या हाताला धरून धमनी कुठे सुरू होते आणि कुठे दुभंगते, ते यानेच दाखवलं होतं. "सर, तुम्ही मला शिकवलंत की दिसेल ते लिही. कुणाचं आहे ते बघून लिही, असं कधी शिकवलं नव्हतंत. आज शिकवायला निघालात तर मी शिकणार नाही."

"लवंगी..."

"मास्तरांचा मृत्यू धमनीला नळी लागून झाला, आणि तो लपवण्यासाठी चित्रात खोटा फुगा घातला. कोणी घातला तेही लिहीन. हवं तर मला काढून टाका. मग तेच मी बाहेर बसून लिहीन."

मोठे सर बाजूला सरले तेवढे.

जिन्यापाशी मास्तरांची लेक मूर्तिकाराशी बोलत होती. त्याने शिकवलेल्या कलेनेच हा घात झाला होता, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

"तुम्ही उभे राहून बोललात ना," ती त्याला सांगत होती. "पुरे झालं. ठाण्यातही असंच बोला."

लवंगी जवळ येताच ती वळली. "डॉक्टर, म्हणजे आमच्या घराण्यात तसलं काही नाही?"

"तुझ्या बाबांची धमनी मी स्वतः पाहिली होती. तिन्ही बाजूंनी. एखाद्या तरुण पोराला हेवा वाटावा अशी होती."

लेकीने ओठ दाबून धरले, आणि मग पहिल्यांदाच, त्या गजबजलेल्या जिन्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता मोठ्याने रडली. लवंगीने तिला थांबवलं नाही. जिना अडला म्हणून एक वॉर्डबॉय कुरकुरला, तेव्हा तिने फक्त त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि तो गुपचूप लिफ्टकडे गेला.

"चल," रडणं ओसरल्यावर ती म्हणाली. "ठाणं जवळच आहे. चालतच जाऊ."

तिघं मिळून पायऱ्या उतरली आणि मुख्य दाराने बाहेर पडली.